रमजानमधली दुबई : दिवस आवरता घ्या, रात्र मोकळी ठेवा

रमजान लागला की दुबईचा बेत पुढे ढकला, असा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. दिवसा खायला मिळत नाही, दुकाने बंद असतात, रस्त्यात पाण्याचा घोट घेतला तरी पोलीस पकडतात, अशी कारणे दिली जातात. ही माहिती निम्मी जुनी आणि निम्मी अर्धवट आहे. तिच्यावर विश्वास ठेवून कित्येक कुटुंबे अशा दिवसांत दुबई टाळतात, ज्या दिवसांत ते शहर सर्वांत जास्त माणसांत असते.

आधी जुनी माहिती. पूर्वी तिथल्या रेस्टॉरंटना दिवसा पडदे लावूनच बिगर-रोजेदारांना वाढावे लागे. ही सक्ती दुबईने २०२१ मध्ये काढून टाकली. आज मॉलमधली खाण्याची ठिकाणे, हॉटेलांतली भोजनगृहे आणि बरेचसे कॅफे दिवसाही चालू असतात. खाजगी नोकरीत कामाचे तास रोज दोनने कमी होतात. ही सवलत धर्म न पाहता सर्व कर्मचाऱ्यांना आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुकाने बंद राहत नाहीत, त्यांच्या वेळा सरकतात. दुपारी थोडी सुस्ती आणि रात्री बारा-एकपर्यंत गजबज. त्यामुळे जो पर्यटक नेहमीच्या वेळापत्रकाने सकाळी आठला निघून रात्री नऊला झोपतो, त्याला रिकामे, जांभया देणारे शहर दिसते. तो परत येऊन सांगतो, रमजानमध्ये जाऊ नका! आषाढीला पंढरपूरला जाऊन रस्त्यात गर्दी होती अशी तक्रार करण्यासारखेच हे.

दुसरा मुद्दा हवामानाचा, आणि तो येत्या काही वर्षांपुरता फार मोलाचा आहे. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०१५ मध्ये तो जूनच्या मध्यावर सुरू झाला होता. त्या उन्हाळ्यात दुबईत पायी फिरणे म्हणजे शिक्षाच. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यावर आला, २०२७ मध्ये त्याच महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि २०२८ मध्ये जानेवारीअखेर येईल. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात, जानेवारीत आणि डिसेंबरात, असे दोन रमजान सुरू होतील. म्हणजे पुढची काही वर्षे हा महिना आखाती देशांच्या सुखद हिवाळ्यात पडणार. संध्याकाळी खाडीकाठी अंगावर हलकी शाल घ्यावीशी वाटते. आजी-आजोबांना घेऊन जायचे असेल तर याहून चांगला काळ नाही.

पैशाचे गणितही जमते, पण तारखा जपून निवडल्या तरच. पहिल्या दोन आठवड्यांत हॉटेले तुलनेने रिकामी असतात. ईद जवळ आली की चित्र पालटते. सुट्टीमुळे आखातातलीच कुटुंबे दुबईत उतरतात आणि खोल्यांचे भाव चढतात. शिवाय ईदची तारीख चंद्रदर्शनावर ठरते. आखातात रमजान बहुतेकदा आपल्यापेक्षा एक दिवस आधी लागतो, आणि ईदही त्याच हिशेबाने येते. भारतातल्या दिनदर्शिकेवर भिस्त ठेवून शेवटच्या दिवसाची तिकिटे काढू नयेत. ईदच्या सुट्टीत बँका आणि सरकारी कचेऱ्या बंद असतात. नेमके त्याच दिवशी एखादे काम निघाले तर पंचाईत होते.

मुंबईहून विमान तीन-सव्वातीन तासांत पोचते, घड्याळ दीड तास मागे न्यावे लागते. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. पर्यटक व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा मिळतो. त्यासाठी परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पुरावा तयार ठेवावा. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५० दिरहम दंड आहे. कोणी एजंट 'आधी पर्यटक व्हिसावर जा, काम तिथे गेल्यावर बघू' असे म्हणाला, तर त्याच्या दारातून परत फिरावे. पर्यटक व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे आणि त्याची किंमत एजंट नव्हे, गेलेला पोरगा मोजतो.

मग बॅग. या लेखातले एकच काही लक्षात ठेवायचे असेल तर वाचकांनी ही गोष्ट ठेवावी.

समजा, सांगलीहून एक कुटुंब निघाले आहे. मुलगा शारजात नोकरीला, म्हणून आईने डब्यात अनारसे भरले आहेत. वर खसखस लावलेली, जशी लावायलाच हवी. सोबत घरचा काळा मसाला, त्यातही चमचाभर खसखस. आपल्या स्वयंपाकघरात या जिनसेत काही गैर नाही. संयुक्त अरब अमिरातीत मात्र ती अफूच्या बोंडातली म्हणून अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी घातलेली वस्तू आहे. विमानतळावर 'ही आमच्याकडे मिठाईला लावतात' हे कारण चालत नाही. प्रेमाने दिलेला डबा थेट चौकशीच्या खोलीत नेऊ शकतो. अनारसे न्यायचेच असतील तर तीळ लावून न्यावेत, आणि मसाला तिथेच विकत घ्यावा. बर दुबईच्या मीना बाजार भागात आपल्याकडचे बहुतेक सगळे मिळते. विड्याची पाने आणि पानमसालाही सामानात नको. जेवणानंतर पान लागणाऱ्या मंडळींनी तो एक आठवडा बडीशेपेवर काढावा.

औषधांचेही तसेच. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके, झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्या तिथे नियंत्रित यादीत आहेत. ज्येष्ठांच्या डब्यात अशा गोळ्या सहज असतात. प्रत्येक औषधाचे मूळ नाव पाहावे, डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्यावी, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात आणि यादीतले औषध असेल तर तिथली सरकारी ऑनलाइन परवानगी आधीच काढावी. रोजा ठेवणाऱ्या मधुमेहींनी प्रवासाआधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात, हे वेगळे सांगायला नको.

आणि पार्सल. गल्लीतले कोणीतरी येते, 'आमच्या भाच्याला एवढे द्या, फक्त मिठाई आहे' म्हणून सीलबंद पुडा हातात ठेवते. नाही म्हणणे आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो. तरीही नाही म्हणावे. फारच जवळचे असेल तर समोर उघडून, एकेक वस्तू पाहून, स्वतःच्या हाताने बांधून घ्यावे. बॅग ज्याची, जबाबदारी त्याची. कायद्याला भाचा कोणाचा याच्याशी देणेघेणे नसते.

आता प्रत्यक्ष शहर. रमजानमध्ये दिवसाची घडी उलटी घालावी लागते. सकाळी जरा उशिरा उठावे. दहा ते एक या वेळात रस्ते आणि संग्रहालये शांत असतात. २०२२ मध्ये सुरू झालेले म्युझियम ऑफ द फ्यूचर किंवा शारजातले इस्लामी संस्कृतीचे संग्रहालय यांसाठी हीच वेळ. प्रत्येक ठिकाणाच्या रमजानमधल्या वेळा वेगळ्या असतात, त्या आदल्या रात्री त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात. दुपारी खोलीवर येऊन ताणून द्यावे. साडेचारला पुन्हा बाहेर पडावे, ते मध्यरात्रीनंतरच परत यायच्या तयारीने.

दिवसाच्या वागण्याचे नियम थोडेच आहेत आणि आपल्या लोकांना ते समजायला जड जात नाहीत. शेजारी उपास धरलेला असताना त्याच्यासमोर वडापाव खाऊ नये, हे कोणाला शिकवावे लागत नाही. रस्त्यात, बागेत, टॅक्सीत खाणेपिणे आणि धूम्रपान टाळावे. तहान लागली तर कॅफेत किंवा हॉटेलात शिरून बसून प्यावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, आजारी माणसे यांना रोजातून सूट आहेच. आजीने औषधासोबत घोटभर पाणी घेतले म्हणून आकाश कोसळत नाही. मेट्रोत मात्र बारा महिने खाण्यापिण्यास बंदी आहे. च्युइंगम चघळले तरी १०० दिरहम दंड होतो. कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे असावेत. अनोळखी माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

इफ्तारच्या आधीचा एक तास वाहनात घालवू नये, हा अनुभवी दुबईकरांचा सल्ला अगदी खरा आहे. सगळे शहर घराकडे धावते, टॅक्सीचालकालाही रोजा सोडायचा असतो. सिग्नलवर स्वयंसेवक खजूर-पाण्याची पाकिटे वाटत उभे असतात ते यासाठीच, की लोकांनी घाईत अपघात करू नयेत. पाचच्या सुमारास जिथे इफ्तार पाहायची तिथे पोचलेले असावे. सूर्यास्त फेब्रुवारी-मार्चमध्ये सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान असतो. आपल्याकडे कित्येक गावांत या वेळी भोंगा वाजतो किंवा फटाका उडवतात. दुबईत पोलीस दल शहरात ठिकठिकाणी तोफ लावते. ठिकाणे दरवर्षी जाहीर होतात. पोरांना घेऊन जावे, बुर्ज खलिफाच्या तिकिटापेक्षा हा फुकटचा आवाज त्यांना जास्त दिवस आठवेल.

बुर्ज खलिफाचा विषय निघालाच आहे, तर एक गंमत. ८२८ मीटर उंचीच्या या इमारतीत वरच्या मजल्यांवर सूर्य जमिनीपेक्षा थोडा उशिरा मावळताना दिसतो. म्हणून २०११ मध्ये दुबईच्या धर्मशास्त्रज्ञांनी सांगितले, की ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटे आणि १५० व्या मजल्याच्या वरच्यांनी तीन मिनिटे थांबून रोजा सोडावा. एकाच इमारतीत इफ्तारच्या तीन वेळा!

हाच हिशेब विमानातल्या रोजेदारालाही लागू पडतो. मुंबईत सहरी करून दुपारच्या विमानाने दुबईला गेलेल्या माणसाचा रोजा, पश्चिमेकडे गेल्यामुळे, तास-सव्वातासाने लांबतो. प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा शरियतने दिलेली आहे. ती वापरण्यात कमीपणा वाटून घेऊ नये, विशेषतः वयस्करांनी.

इफ्तार कुठे करावी? मोठ्या हॉटेलांचे बुफे आणि खैमे, म्हणजे रोषणाई केलेले तंबू, यांची जाहिरात खूप असते. एकदा पाहायला ठीक, पण ते महाग असतात आणि तिथे अमिराती घर दिसत नाही. त्यापेक्षा अल फाहिदी या जुन्या वस्तीत जावे. तिथे १९९८ मध्ये स्थापन झालेले शेख मोहम्मद सांस्कृतिक सामंजस्य केंद्र आहे. रमजानमध्ये ते इतर धर्मांच्या पाहुण्यांसाठी इफ्तार ठेवते. शुल्क असते, जागा आधी राखून ठेवावी लागते. पाहुणे जमिनीवर बसतात, स्थानिक घरगुती पदार्थ वाढले जातात आणि मग कोणताही प्रश्न विचारायची मोकळीक असते. स्त्रिया अबाया का घालतात, रोजात पाणीही का नाही, लग्ने कशी ठरतात, सगळे. आपल्या गावात शेजारी राहूनही जे प्रश्न विचारायचा संकोच वाटतो, ते तिथे सहज विचारले जातात. याचे थोडे वाईटही वाटते.

मशिदींबाहेर संध्याकाळी लांबलचक सतरंज्या अंथरून मोफत इफ्तार दिली जाते. तिथे पर्यटकालाही कोणी अडवत नाही. पण त्या पंगतीत बसलेले बहुतेक लोक बांधकामावरून आलेले मजूर असतात, भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, नेपाळी. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाच्या ताटासमोर मोबाइल धरून चित्रफीत काढणे ही रसिकता नव्हे. कोणी हाताला धरून बसवले तर जरूर बसावे, दोन खजूर खावेत, कुठले गाव म्हणून विचारावे. हिंदी तिथे सर्वांना समजते, आणि क्वचित उत्तर मराठीत येते.

ताटात काय असते? गहू आणि मांस तासन् तास शिजवून घोटलेले हरीस. हैदराबादी हलीम खाल्लेल्यांना त्याचा चेहरा ओळखीचा वाटेल, मात्र मसाला जवळपास नाही. शाकाहारी मंडळींनी ते टाळून मसूरडाळीचे सूप, हम्मस, फलाफल यांवर भर द्यावा. गोडात लुकैमात, म्हणजे आपल्या गुलगुल्यांचे छोटे, कुरकुरीत भाऊ. वर खजुराचा पाक. पेयांत व्हिम्टो. हे गडद लाल सरबत मूळचे १९०८ सालचे, इंग्लंडातल्या मँचेस्टरचे! आपल्या दस्तरखानावर जी जागा रूह अफ्जाची, तीच आखातात त्याची.

इफ्तारनंतर तासभर शहर पुन्हा शांत होते. लोक जेवतात, मग इशाची नमाज आणि त्यानंतर तरावीह ही रमजानची खास लांब नमाज असते. साडेआठ-नऊनंतर खरी रौनक सुरू होते. खाडी ओलांडायची ती अब्रा या लाकडी होडीने. जुन्या पद्धतीच्या होडीचे भाडे अवघे एक दिरहम, आणि साऱ्या दुबईत एवढ्या पैशांत याहून सुंदर काही मिळत नाही. बर दुबईकडून देरा बाजूला उतरले की मसाल्यांचा आणि सोन्याचा बाजार. मुलांना ग्लोबल व्हिलेज आवडते. ते रमजानमध्ये संध्याकाळी उघडून मध्यरात्रीनंतरही चालते.

एक दिवस अबूधाबीसाठी काढावा. दुबईहून बसने दीड-दोन तास. शेख जायद मशीद २००७ मध्ये खुली झाली. ८२ घुमट, सुमारे ४० हजार लोकांची सोय आणि इराणी विणकरांनी हाताने विणलेला, साडेपाच हजार चौरस मीटरहून मोठा गालिचा. सर्व धर्मीयांना प्रवेश मोफत, पण नोंदणी आधी ऑनलाइन करावी. स्त्रियांनी डोके आणि सर्वांनी हातपाय झाकलेले कपडे घालावेत. आपली साधी ओढणी पुरते. रमजानमध्ये पर्यटकांच्या वेळा बदलतात. अबूधाबीतच फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलेले दगडी स्वामीनारायण मंदिर आहे. एकाच दिवसात दोन्ही पाहणारी कुटुंबे पुष्कळ असतात, आणि बेत म्हणून तो चांगला आहे.

नातेवाइकांविषयी थोडे. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांतला एखादा मामू, चाचा किंवा भाऊ आखातात असतो. 'मामू आहेत ना तिथे' म्हणून पाच जणांनी त्यांच्या खोलीवर उतरायचे ठरवू नये. देरा, शारजा, अजमानमध्ये कित्येक जण एका खोलीत खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन राहतात आणि ते घरी कळू देत नाहीत. पाहुणे आले तर ते उसने पैसे काढून मेहमाननवाजी करतील, पण तोंडाने नाही म्हणणार नाहीत. हॉटेलात उतरावे आणि त्यांनाच एका संध्याकाळी इफ्तारला बोलवावे. परदेशात कोणी आपल्यासाठी ताट वाढले आहे, हा अनुभव त्यांनाही कित्येक वर्षांत आलेला नसतो.

किरकोळ पण उपयोगी : व्हॉट्सॲपवर संदेश जातात, बोलणे मात्र सहसा लागत नाही, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर गावाकडे उगाच घोर लागतो. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. मेट्रोसाठी नोल कार्ड घ्यावे. मेट्रोत स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा डबा असतो, त्यात पुरुष शिरल्यास दंड होतो. कार्डाने पैसे देताना यंत्र 'रुपये की दिरहम' विचारते, तिथे दिरहम निवडावे. रुपये निवडल्यास दुकानाकडचा चढा दर लागतो. टूर पॅकेज घेताना कापला जाणारा टीसीएस हा खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. पावती जपावी.

सोन्याबाबत गैरसमज फार आहेत. येताना दागिने आणण्याची करमुक्त सवलत ही वर्षाहून जास्त काळ परदेशी राहिलेल्यांसाठी आहे. आठवडाभराच्या पर्यटकाला ती नाही. देऱ्यातला विक्रेता हे सांगणार नाही. इतर खरेदीवर मात्र पर्यटकाला पाच टक्के व्हॅटचा परतावा मिळू शकतो. एका दुकानातली खरेदी किमान २५० दिरहमची हवी, दुकानदाराकडून पासपोर्टवर नोंद करून घ्यावी आणि विमानतळावर सामान देण्यापूर्वी त्याची तपासणी करून घ्यावी. एकदा बॅग पट्ट्यावरून गेली की परतावाही गेला.

खजूर आणल्याशिवाय तर कोणी परत येत नाही. तो विमानतळावर घेऊ नये, तिथे डब्याचेच पैसे जास्त. देऱ्यातल्या वॉटरफ्रंट मार्केटमध्ये खजुराची दुकाने ओळीने आहेत. नरम की सुका, पिकून काळा की मधाच्या रंगाचा, हे पाहून निवडता येते आणि दुकानदार चव घ्यायला आवर्जून हातावर ठेवतो. दुपारी गेलात तर तो खिशात टाकावा आणि सूर्य बुडेपर्यंत वाट पाहावी.